उन्हाची दिशा : सातारा परिसरातील छायाचित्रण-पाहणीची टिपणे

गुरुवार : सातारा शहर आणि अजिंक्यतारा

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्याला मुक्काम करून आम्ही जी पाहणी केली, तिचा हेतू छायाचित्रे काढण्याचा नव्हता. पुढच्या वर्षभरात या परिसरातील काही ठिकाणांची ऋतुमानाप्रमाणे छायाचित्रे घ्यायची आहेत, आणि त्यासाठी कोणत्या जागी, कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या प्रहरी उभे राहायचे हे आधी ठरवायचे होते. आमच्या व्यवसायात याला रेकी म्हणतात. गाडी कुठपर्यंत जाते, सामान वाहून न्यायला किती चालावे लागते, कपडे बदलायला आडोसा आहे का, जेवणाची सोय कुठे होईल, एवढी चौकशी झाली की बहुतेकांची रेकी पूर्ण होते आणि उन्हाचा विचार कामाच्या दिवसावर सोडून दिला जातो. जागा निवडताना तिची वेळही त्याच वहीत, त्याच ओळीत लिहिली गेली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. कारण डिसेंबरात पाहिलेली भिंत जूनमध्ये निराळ्याच उजेडात उभी असते आणि जागेची पसंती त्या उजेडावरच टिकते किंवा मोडते.

सोबत कोरेगावला स्टुडिओ चालवणारे माझे स्नेही होते. सामान मोजके होते : होकायंत्र, वही, मोबाइलवर सूर्याचा मार्ग दाखवणारे फोटोपिल्स हे अ‍ॅप, एक कॅमेरा आणि एकच लेन्स. अ‍ॅप असताना होकायंत्र कशाला, असे अनेक जण विचारतात. मोबाइलचे होकायंत्र गाडीत, लोखंडी रेलिंगजवळ किंवा ट्रायपॉडला लागून धरले की बिनदिक्कत चुकीची दिशा दाखवते, म्हणून पडताळ्यासाठी साधी सुई हाताशी असावी. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाच्या आतच फरक आहे, त्यामुळे आकडेमोड करावी लागत नाही. मात्र सह्याद्रीच्या काळ्या कातळावर होकायंत्र टेकवू नये, कारण बेसाल्टमध्ये चुंबकीय खनिज असते आणि सुई जागीच भरकटते. ते छातीच्या उंचीवर हातात धरून वाचावे.

सातारा सुमारे ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि आपल्या घड्याळातली वेळ ८२.५ अंशांच्या रेखांशावरून ठरते. साडेआठ अंशांचा हा फरक, एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने, ३४ मिनिटांचा होतो. म्हणजे साताऱ्यात सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो तो सरासरीने १२ वाजून ३४ मिनिटांनी. त्यात पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि आसाच्या कलामुळे वर्षभर चढउतार होतो : नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह १२ वाजून १८ मिनिटांच्या आसपास येते, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४८ मिनिटांपर्यंत लांबते. आमच्या दिवसांत ती १२ वाजून २४ मिनिटांच्या जवळपास होती, सूर्योदय ६ वाजून ५० मिनिटांच्या सुमाराला आणि सूर्यास्त सहा वाजायला एकदोन मिनिटे असताना. बारा वाजता सावली सर्वांत आखूड असणार असे धरून चालणाऱ्याची अर्ध्या तासाची गफलत होते, आणि काही जागी, जशी आम्हाला शनिवारी पाहायची होती, अर्धा तास म्हणजेच सगळे काही असते.

दुपारी तीनच्या सुमारास अजिंक्यताऱ्यावर गेलो. गड शहराच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे गडावरून सातारा पाहायचे म्हणजे उत्तरेकडे तोंड करून उभे राहायचे. डिसेंबरात सूर्य आग्नेयेला उगवतो, दक्षिणेकडून फिरतो आणि नैर्ऋत्येला मावळतो. मध्यान्हीलाही तो क्षितिजापासून पन्नास अंशांच्या वर चढत नाही. म्हणून या महिन्यात गडावर उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीशी सूर्य जवळजवळ दिवसभर राहतो आणि शहर समोरून उजळलेले दिसते. असे समोरून पडलेले ऊन रंगांना चांगले आणि आकारांना वाईट; घरे, झाडे, रस्ते सगळे एकाच पातळीवर चिकटवल्यासारखे दिसू लागतात. चारनंतर ऊन डावीकडून तिरपे येऊ लागले तेव्हा पेठांमधल्या गल्ल्या सावल्यांनी एकमेकींपासून सुटल्या आणि शहराला खोली आली. गडाची स्वतःची सावली उत्तरेच्या उतारावर आणि पायथ्याच्या वस्तीवर पडते हेही त्याच वेळी नोंदवले, कारण चित्राच्या खालच्या कडेला तो काळा पट्टा येणारच आणि चौकट त्याच्या हिशेबाने वर उचलावी लागणार.

याच जागेचा उन्हाळ्यातला हिशेब उलटा आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मध्यान्हीला साताऱ्याच्या उत्तरेकडे असतो, आणि तेव्हा गडावरून शहराकडे पाहणाऱ्याच्या पाठीशी भर दुपारीसुद्धा सूर्य नसतो. ही गोष्ट मराठी मुलखातल्या छायाचित्रकाराने पाठच करून ठेवावी, कारण युरोपातल्या लेखकांच्या पुस्तकांत सूर्य कायम दक्षिणेलाच असतो.

त्या पुस्तकांतला दुसरा मुद्दाही इथे तसाच्या तसा चालत नाही, तो ‘गोल्डन अवर’चा. सूर्य क्षितिजापासून सहा अंश वर येईपर्यंतचे कोवळे ऊन आपल्या अक्षांशावर तासभर टिकत नाही. इथे सूर्य उभा चढतो. डिसेंबरात सकाळी तासाला सुमारे तेरा अंश. म्हणजे खरे सोनेरी ऊन मिळते ते जेमतेम अर्धा तास. हात लांब करून मूठ डोळ्यांसमोर धरली तर ती साधारण दहा अंश झाकते, आणि आपल्याकडे सूर्याला सकाळी ती एक मूठ चढायला पाऊण तासाच्या आसपास लागतो. एखाद्या जागेच्या पूर्वेला डोंगर असेल आणि त्याचा माथा क्षितिजापासून अर्धी मूठ वर असेल, तर पंचांगातल्या सूर्योदयानंतर वीस-बावीस मिनिटे तिथे ऊन पोहोचणार नाही, आणि पोहोचेल तेव्हा त्याचा सोनेरीपणा बराचसा ओसरलेला असेल. साताऱ्यासारख्या डोंगरांनी वेढलेल्या भागात रेकीचा अर्धा भाग हा क्षितिजावर मुठी मोजण्याचाच असतो.

शुक्रवार : यवतेश्वर आणि कास

साडेसहाच्या आधी यवतेश्वरच्या घाटात पोहोचलो. सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांवर आला की निळसर उजेडाला सुरुवात होते, आणि तो क्षण त्या सकाळी ६ वाजून २७ मिनिटांच्या आसपास होता. खाली शहरातले दिवे अजून चालू होते आणि आकाशाची उजळणी त्या दिव्यांच्या बरोबरीला आली होती. हा समतोल टिकतो दहा-बारा मिनिटे. शहराचे पहाटचित्र इथूनच घ्यायचे हे आम्ही तिथल्या तिथे पक्के केले.

प्रश्न महिन्याचा होता. डिसेंबरात सूर्य पूर्वेपासून सुमारे २३ अंश दक्षिणेकडे सरकून, अजिंक्यताऱ्याच्या बाजूने वर येतो. गडाचा माथा आणि उगवते बिंब एका चौकटीत हवे असेल तर हिवाळ्याला पर्याय नाही. मार्चअखेर आणि सप्टेंबरअखेर सूर्य ठीक पूर्वेला उगवतो, आणि जूनमध्ये तो ईशान्येकडे इतका जातो की डिसेंबरच्या आणि जूनच्या उगवतीच्या जागांत जवळजवळ पन्नास अंशांचे अंतर पडते. साध्या वाइड लेन्सच्या चौकटीचा बराचसा भाग तेवढ्याने भरून जातो. उन्हाळ्यात एखादी जागा पाहून ठेवायची आणि हिवाळ्यात तिथे कामाला जायचे, तर या पन्नास अंशांची नोंद वहीत असल्याशिवाय जाऊ नये.

त्या दिवशी पूर्वेचे क्षितिज स्वच्छ नव्हते. साखर कारखान्यांचा हंगाम चालू असतो, उसाच्या पट्ट्यात पाचट पेटवले जाते, आणि रात्रीच्या थंडीत धूर आणि धुके खालच्या थरात अडकून राहतात. सूर्योदयाची वेळ झाली तरी बिंब त्या करड्या पट्ट्याच्या मागेच होते. ते बाहेर आले तेव्हा तांबूस आणि निस्तेज होते, आणि त्याचे ऊन जमिनीवर सावली टाकण्याइतके बळकट व्हायला आणखी काही मिनिटे गेली. माझ्या स्नेह्यांना हा धूसरपणा अडचण वाटला. मला तो या जागेचा हिवाळी गुण वाटतो, कारण एकामागे एक उभ्या असलेल्या डोंगररांगा त्या धुरकट थरामुळेच वेगवेगळ्या छटांत सुट्या होतात. पावसाने धुतलेल्या ऑक्टोबरच्या हवेत त्या एकमेकींत मिसळून जातात. दोघांचे म्हणणे वहीत लिहून ठेवले आणि कासकडे निघालो.

कासचे पठार साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून त्याला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, आणि तेव्हापासून सप्टेंबरात तिथे लोटणारी गर्दी सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबरात तिथे फुले नसतात. जांभ्या दगडावरचे गवत वाळून पिवळे पडलेले असते. पण पाहणीला हाच महिना चांगला, कारण फुलांनी डोळे दिपलेले नसताना जमिनीचा उतार, कातळाचे उंचसखलपण आणि क्षितिजाची उंची नीट कळते. पठार इतके मोकळे आहे की पूर्वेला आणि पश्चिमेला अर्धी मूठही अडत नाही. पंचांगातली वेळ ज्या थोड्या जागी जशीच्या तशी लागू पडते, त्यांतली ही एक.

फुलांच्या हंगामाचा विचार इथे बसूनच केला. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्योदय ६ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास होतो, पण त्या दिवसांत पठारावर ढग आणि धुके असण्याचीच शक्यता जास्त असते. त्याने नाराज होण्याचे कारण नाही. तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा जांभळा रंग ढगाळ उजेडात जितका भरून येतो तितका कडक उन्हात येत नाही. गेंदाचे पांढरे गोंडे तर उन्हात हमखास फटफटीत पांढरे होऊन जातात आणि त्यांचा पोत पुन्हा मिळत नाही. ढगाळ सकाळी सगळे पठार म्हणजे एक मोठा मऊ दिवाच असतो, आणि छोट्या फुलांना तोच हवा. अपवाद दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीचा. तिच्या बारीक पानांवरच्या केसांच्या टोकाशी चिकट थेंब असतात आणि त्यांतून मागचे ऊन आले तरच ते पेटल्यासारखे चमकतात. त्यासाठी ढगांतून ऊन फाकण्याची वाट पाहत, सूर्याकडे तोंड करून, कॅमेरा जमिनीलगत ठेवून बसावे लागेल. पायवाट सोडून आत न जाता हे करता येईल अशा जागा आम्ही वाटेच्या कडेने शोधून ठेवल्या, कारण कातळावरची माती बोटभर जाडीची असते आणि एका माणसाच्या बसण्यानेसुद्धा पुढच्या वर्षीचे रोप जाते. हंगामात प्रवेशाची ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि येण्याजाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, तेव्हा पहाटेच्या उजेडाचा आराखडा करण्याआधी त्या वेळांची चौकशी केलेली बरी.

दुपारी निळ्या आकाशाखाली पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावून फिरवायचा आणि आकाश गडद करणारा फिल्टर, फिरवून पाहिला. सूर्यापासून नव्वद अंशांवरचे आकाश त्याने सर्वांत गडद होते, पण वाइड लेन्सवर तो लावला की चौकटीच्या एका बाजूला गडद निळा डाग आणि दुसरीकडे फिकट आकाश असे होते. कासच्या मोकळ्या क्षितिजावर हा दोष लपवायला झाड नाही, डोंगर नाही. तिथे पोलरायझर लावायचा नाही, अशी नोंद केली.

संध्याकाळी पश्चिमेच्या कड्याकडे तोंड करून थांबलो. कोकणाच्या बाजूने चढणारी धूसर हवा इतकी दाट होती की बिंब क्षितिजाला टेकण्याच्या पंधराएक मिनिटे आधीच विरघळून गेले. सूर्यास्त पंचांगात होता, आकाशात नव्हता. हिवाळ्यात या बाजूला मावळतीचे काम घ्यायचे तर उपयोगी ऊन साडेपाचपर्यंतच आहे असे धरावे, आणि सगळे साहित्य पाच वाजता तयार असावे.

शनिवार : संगम माहुली आणि लिंब

सकाळ माहुलीला घालवली. कृष्णा इथे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते आणि पश्चिमेकडून आलेली वेण्णा तिला मिळते. संगम माहुली पश्चिम काठावर, क्षेत्र माहुली पलीकडे पूर्व काठावर. पश्चिम काठावरचे विश्वेश्वराचे देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ मध्ये बांधले. पश्चिम काठाला सकाळचे ऊन पाण्यावरून येते, आणि पाण्यावर आपटून पायऱ्यांच्या उभ्या अंगावर खालूनही उजेड टाकते, त्यामुळे सावल्या फार काळ्या होत नाहीत. नदीवर धुक्याचा विरळ थर होता. तो हटायच्या आत, साधारण सव्वासात ते पावणेआठ या वेळात, घाटाचा दगड जिवंत दिसतो. त्यानंतर ऊन चढते आणि घाट सपाट होत जातो. खालच्या पायऱ्या पावसाळ्यात पाण्याखाली असतात, म्हणून ही जागा हिवाळ्याची आणि सकाळची. याहून जास्त विचार तिथे करावा लागला नाही, आणि साडेनवाला आम्ही लिंबकडे निघालो.

लिंबची बारा मोटेची विहीर हे या फेरीतले मुख्य ठिकाण होते. साताऱ्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, पुणे-बेंगळुरू महामार्गापासून थोडे आत, शेतांच्या मधोमध ती आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई यांनी ती बांधून घेतली. मुख्य विहीर अष्टकोनी असून वरून पाहता सगळी रचना शिवलिंगासारखी दिसते. खोली ११० फूट आणि व्यास ५० फूट असे सांगितले जाते. एकाच वेळी बारा मोटा चालत, म्हणून हे नाव. पायऱ्या उतरून गेले की विहिरीच्या पोटातच दगडी महाल लागतो, कमानी आणि कोरीव खांबांचा. भिंतींवर वाघाची शिल्पे आहेत.

सोनेरी ऊन इथे कामाचे नाही, कारण सकाळचे तिरपे ऊन विहिरीत उतरतच नाही. ते वरच्या काठावरच्या दोन-चार थरांना लागते आणि संपते. आत जायला ऊन उभे हवे. म्हणजे दुपार, जिला छायाचित्रकार टाळतात, तीच इथली वेळ. हिशेब सरळ आहे. दक्षिणेच्या काठावरून आलेला किरण पन्नास फूट ओलांडून समोरच्या उत्तर भिंतीवर पडतो, आणि तो किती खोल पोहोचेल हे सूर्याच्या उंचीवरून ठरते. डिसेंबरातल्या पन्नास अंशांच्या सूर्याला तो साठेक फूट खाली जाऊ शकतो. तळाच्या पातळीला टेकायला सूर्य सहासष्ट अंशांपर्यंत चढावा लागतो, आणि साताऱ्याच्या अक्षांशावर ते मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच घडते. पाण्याची पातळी वर असेल तर पृष्ठभागाच्या उत्तर कडेला ऊन आधीही स्पर्श करील, पण पाण्याच्या मध्यावर पडायला सूर्य माथ्याच्या बराच जवळ यावा लागतो.

अकरा वाजल्यापासून आम्ही काठावर बसून उन्हाची रेघ पाहत होतो. सुरुवातीला ती वायव्येच्या भिंतीवर तिरपी होती. मग हळूहळू उजवीकडे सरकत, एका चिऱ्यावरून खालच्या चिऱ्यावर उतरत, उत्तरेच्या भिंतीवर आली. रेघेच्या वरचा दगड फिकट राखी दिसत होता आणि खालचा जवळजवळ काळा. बेसाल्ट उजेड गिळतो. चुन्याच्या भिंतीवर ऊन पडले तर समोरची बाजू परतीच्या उजेडाने उजळते, तसे इथे होत नाही. सावलीतल्या भागात कॅमेऱ्याने मोजलेला उजेड उन्हातल्या भागापेक्षा इतका कमी होता की एका एक्स्पोजरमध्ये दोन्ही सांभाळणे शक्य नव्हते. बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला रेघ तिच्या सर्वांत खालच्या चिऱ्याला लागली, दहा-बारा मिनिटे तिथेच घुटमळली आणि मग ईशान्येच्या भिंतीकडे सरकत वर चढू लागली. गुरुवारी कागदावर काढलेली मध्यान्ह दगडावर पाहिल्याचे समाधान मोठे होते.

जवळच्या रानात काम करणारे एक आजोबा पाणी प्यायला आले होते. आमचे होकायंत्र आणि वही पाहून त्यांनी काय मोजताय म्हणून विचारले. पाण्यावर ऊन कधी पडते, असे आम्ही विचारल्यावर ते क्षणभरही थांबले नाहीत : “शिमगा झाल्याबिगर पाण्याच्या मधोमध ऊन येत न्हाई. अन् वैशाखात दिस डोईवर आला की आख्खी हीर उजळती बघा.” आमच्या आकडेमोडीने मार्च आणि मे हेच दोन महिने दिले होते.

वैशाखातली ती उजळणी नेमकी कधी, हे मग तिथेच काढले. सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचे त्याचे उत्तर-दक्षिण अंतर) साताऱ्याच्या अक्षांशाइतकी, म्हणजे साडेसतरा अंशांच्या किंचित वर, मेच्या १० तारखेच्या आसपास होते. त्या सुमाराच्या दिवसांत साडेबाराच्या सुमाराला सूर्य अगदी माथ्यावर असतो, उभ्या काठीला सावली राहत नाही, आणि ऊन विहिरीत सरळ खाली उतरते. ऑगस्टच्या सुरुवातीलाही सूर्य पुन्हा माथ्यावर येतो, पण तेव्हा आभाळ झाकलेले असते. खरी संधी मेमधलीच. त्या वेळी पाणी पूर्ण उजळेल हे उघड आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते भिंतींचे. उभ्या भिंतीला वरून घासत जाणारे ऊन दगडातला प्रत्येक खड्डा, छिन्नीची प्रत्येक खूण आणि कोरलेल्या वाघाच्या अंगावरची प्रत्येक रेघ वेगळी दाखवते. शिल्पाचे चित्र घेताना दिवा समोरून न लावता बाजूला चिकटवून लावतात, तेच काम इथे आकाश करून देते. हे किती मिनिटे टिकते? भिंतीपासून तीन-चार अंशांच्या आतले ऊन हवे असेल तर मध्यान्हीच्या दोन्ही बाजूंना मिळून अर्धा तास. त्यातही मध्यान्हीच्या आधी पश्चिमेच्या भिंतीवर ऊन असते आणि नंतर पूर्वेच्या, म्हणजे एका शिल्पाच्या वाट्याला पंधरा मिनिटेही येत नाहीत. त्यासाठी ट्रायपॉडच्या जागा खडूने आधी आखून ठेवाव्या लागतील आणि चौकटींचा क्रम पाठ असावा लागेल.

माझ्या स्नेह्यांनी उन्हाळ्यातल्या त्या वेळी काठावर उभे राहण्याच्या त्रासाची आठवण करून दिली, ती रास्तच आहे. कॅमेऱ्यावर ओले पांढरे फडके, माणसांसाठी छत्री आणि बरोबर भरपूर पाणी, अशी तरतूद वहीत लिहिली. महालाच्या आतल्या कमानींचे काम मात्र त्या दिवशी होणार नाही; बाहेर इतके प्रखर ऊन असताना आतला भाग काळाच येईल. तो सप्टेंबरातल्या ढगाळ दिवसासाठी ठेवला. एका विहिरीला दोन ऋतू द्यावे लागतात.

रविवार : सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडी

सज्जनगडावर सकाळी आठच्या आत पोहोचलो. १६८२ मध्ये समर्थ रामदासांचे देहावसान इथेच झाले, आणि समाधीच्या दर्शनाला येणाऱ्यांची वर्दळ पहाटेपासून असते. दर्शनाच्या जागी कॅमेरा काढायचा नाही हे आम्ही मनाशी ठरवूनच आलो होतो. पाहायचे होते ते दरवाजे. वाटेवरचा पहिला दरवाजा, ज्याला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे, आग्नेयेकडे आहे आणि दुसरे समर्थद्वार पूर्वाभिमुख. दोन दरवाजांच्या दिशांतला हा फरक प्रकाशाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. डिसेंबरात सव्वाआठच्या सुमारास सूर्य पहिल्या दरवाजाच्या किंचित डावीकडून येतो. ऊन अजून खाली असते, कमानीच्या दगडांना एका बाजूने सावली मिळते आणि बुरुजाची गोलाई दिसते. साडेनऊला सूर्य जवळजवळ समोर येतो आणि ती गोलाई नाहीशी होते. जूनमध्ये याच दरवाजाला ऊन लागते ते सकाळी आणि तेही कडेने घासून. दुपारनंतर तो सावलीत असतो. पूर्वाभिमुख दरवाजाला समोरून ऊन मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस मिळते, हिवाळ्यात उजवीकडून तिरपे. मला पूर्वाभिमुख दगडी कामाला हे तिरपे ऊनच अधिक शोभते असे वाटते, तेव्हा दोन्ही दरवाजे एकाच हिवाळी सकाळी, पहिला आधी आणि दुसरा नंतर, असा क्रम ठरला. पायथ्याला पसरलेल्या उरमोडीच्या जलाशयावर नऊपर्यंत धुके होते आणि गडावर लख्ख ऊन. हिवाळ्यात थंड हवा दरीत साचते आणि वर मोकळे राहते, म्हणून खाली धुके दिसले तर गाडी परत वळवू नये, वर जावे.

ठोसेघरचा धबधबा डिसेंबरात क्षीण असतो, आणि तिथे आम्ही थोडाच वेळ थांबलो. एकच गोष्ट पाहायची होती. तुषारांतले इंद्रधनुष्य पाहणाऱ्याच्या सावलीच्या दिशेभोवती ४२ अंशांवर दिसते, म्हणून सूर्य पाठीशी असावा लागतो. सपाट जमिनीवरून पाहताना सूर्य ४२ अंशांच्या वर गेला की ते क्षितिजाखाली बुडते, पण दरीच्या काठावरच्या सज्जातून आपण खाली पाहतो, त्यामुळे सूर्य वर असतानाही ते दरीत दिसू शकते. पावसाळ्यात उघडीप मिळाली तर हे लक्षात ठेवून थांबायचे.

चाळकेवाडीच्या पठारावर दुपारी चारला आलो. पवनचक्क्यांचे काम सूर्यापेक्षा वाऱ्यावर अवलंबून आहे, हे तिथे गेल्यावर पुन्हा लक्षात आले. पवनचक्कीचे डोके वाऱ्याच्या दिशेला वळते. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा सगळी पाती पश्चिमेकडे तोंड करून असतात, आणि सप्टेंबरातल्या संध्याकाळी उतरते ऊन त्यांच्यावर समोरून पडते. मागे पूर्वेला पावसाचा काळा ढग असेल तर पांढरी पाती त्यावर उठून दिसतात. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेच्या अंगाने असतो आणि पाती उलट वळलेली असतात. त्या संध्याकाळी तशीच होती, आणि बरीचशी संथ फिरत होती. म्हणजे समोरून उजळलेल्या पात्यांसाठी डिसेंबरात सकाळी यायला हवे आणि सप्टेंबरात संध्याकाळी. संध्याकाळच्या चित्रासाठी या ऋतूत छायाकृती घ्यावी लागेल. त्यासाठी रस्त्याच्या पूर्वेकडची एक उंचवट्याची जागा निवडली, जिथून तीन पवनचक्क्या एकमेकींवर न येता आकाशात सुट्या दिसतात.

वाई, धोम आणि मेणवली या फेरीत मुद्दामच घेतली नाहीत. पसरणीचा घाट पूर्वेकडे तोंड करून आहे आणि दुपार कलली की तो सावलीत जातो. त्या खोऱ्याला सकाळी लवकर सुरुवात करून स्वतंत्र वेळ द्यायला हवा. फेब्रुवारीत, मध्यान्ह पावणेएकच्या सुमाराला असते त्या दिवसांत, तिकडची पाहणी करायची असे परतीच्या वाटेवर ठरवले, आणि लिंबसाठी मेच्या १० तारखेच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन दिवस मोकळे ठेवण्याचे स्नेह्यांनी कबूल केले.